वाळवंटातील हरळी : अमेरिकेतील एका निवृत्त-वसाहतीच्या गोल्फ-मैदानांचा इतिहास

१

वसाहतींचा इतिहास लिहिताना तट, बाजारपेठ, देवालय, जलाशय आणि रस्ते ह्यांचा विचार प्रथम होतो. क्रीडांगणे व उद्याने ह्यांना त्यात गौण स्थान मिळते, आणि बहुतेक वसाहतींपुरते ते योग्यही आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा काही वसाहती निर्माण झाल्या, की ज्यांची आखणी बाजारपेठेभोवती किंवा कारखान्याभोवती न होता गोल्फच्या मैदानाभोवती झाली. नोकरीव्यवसायातून निवृत्त झालेल्या वृद्धांसाठी वसविलेल्या ह्या वसाहतींत मैदान हे शोभेचे उपांग नव्हते. लोक तेथे येऊन राहण्याचे ते एक प्रमुख कारण होते. त्यामुळे मैदानावरील गवत विरळ झाले आहे, त्यात डाग पडले आहेत, चेंडू सरळ जात नाही, अशी तक्रार तेथे जेव्हा उठते तेव्हा ती केवळ खेळाडूची कुरकुर ठरत नाही. वसाहतीच्या मूळ कराराचाच तो प्रश्न होतो.

गोल्फच्या अठरा भोकांच्या मैदानाचे क्षेत्र साधारणपणे साठ हेक्टरांच्या आसपास असते. ह्या विस्तारात प्रत्येक भोकाभोवती अतिशय बारीक कापलेल्या गवताचा एक तुकडा राखलेला असतो; त्यास ‘ग्रीन’ म्हणतात. एका ग्रीनचे क्षेत्र सुमारे पाचशे चौरस मीटर, म्हणजे अठरा ग्रीन मिळून एक हेक्टरही भरत नाही. परंतु खेळाच्या मान्य हिशेबात बहात्तर ठोक्यांपैकी छत्तीस ठोके ह्या एवढ्याशा जागेवरच मारावयाचे असतात. वयोमानाने ज्यांचा लांबचा फटका दुबळा झाला आहे त्यांना तर ग्रीनवरील अचूकपणा हाच खेळातील शेवटचा आधार असतो. मैदानाच्या साठाव्या हिश्शाएवढ्या भूमीवर अर्धा खेळ आणि बहुतेक सर्व असंतोष का एकवटतो, ह्याचे उत्तर ह्या साध्या गणितात आहे.

ॲरिझोना राज्यातील सन सिटी ही ह्या प्रकारच्या वसाहतींत सर्वांत प्रसिद्ध होय. तिच्या इतिहासावरून असे दिसते की, ग्रीनची दुरवस्था हा मुख्यतः माळ्यांच्या निष्काळजीपणाचा प्रश्न नव्हता. जी वस्तू एकदा तयार होऊन कायमची राहणारी म्हणून विकली गेली, ती वस्तुतः दर ऋतूत नव्याने करावी लागणारी मेहनत होती. ती मेहनत कोणी करावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि तिचे फळ कोणाच्या पदरी पडावे, ह्या प्रश्नांची उत्तरे मात्र वसाहत वसविताना निश्चित झालेली नव्हती.

२

फीनिक्स शहराच्या वायव्येस आग्वा फ्रिया नदीच्या बाजूला जी सपाट भूमी आहे, ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापसाची भूमी होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात मोटारींच्या टायरांसाठी लांब धाग्याच्या कापसाची मागणी वाढली, आणि ह्या खोऱ्यात कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी घेऊन विहिरींच्या पाण्यावर कापूस काढण्यास प्रारंभ केला. फीनिक्स येथे वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही; उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर आठवडेच्या आठवडे टिकते. तेथील शेती प्रथमपासूनच कालव्यांच्या किंवा जमिनीखालच्या पाण्याची शेती होती. मॅरिनेट ह्या नावाने ओळखली जाणारी कापसाची वाडी पुढे बॉसवेल कंपनीकडे आली आणि तिच्याकडून ती डेल वेब ह्या बांधकाम-व्यावसायिकाच्या उद्योगाने वसाहतीसाठी मिळविली. जमिनीबरोबर तिच्या विहिरीही आल्या, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

केवळ वृद्धांसाठी वसाहत ही कल्पना वेब ह्याची स्वतःची नव्हती. शेजारीच १९५४ मध्ये यंगटाउन हे निवृत्तांचे छोटे गाव वसले होते. परंतु यंगटाउन साधे होते; तेथे घरे मिळत, पण मैदाने मिळत नसत. वेबच्या उद्योगाने क्रम उलटा केला. गोल्फचे मैदान, करमणूक-केंद्र आणि दुकाने प्रथम उभी करण्यात आली आणि त्यानंतर नमुन्याची घरे दाखवून विक्री सुरू झाली. १ जानेवारी १९६० रोजी सन सिटी लोकांना खुली झाली, आणि पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लक्ष लोक ती पाहून गेल्याचे सांगितले जाते. घरांच्या किमती साडेआठ हजार डॉलरांच्या आसपास सुरू होत होत्या. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने वेब ह्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले, तेव्हा निवृत्तांची वसाहत हा एक राष्ट्रीय चर्चेचा विषय झालेला होता.

ग्राहकाला दाखविलेल्या ह्या दृश्यात एक गोष्ट सहज नजरेआड होण्यासारखी होती. घर, दुकान किंवा पोहण्याचा तलाव बांधून पूर्ण होतो. त्यानंतर त्याची डागडुजी करावी लागते. हिरवळ मात्र कधीच बांधून पूर्ण होत नाही. ती वाढते, सुकते, रोगी होते, दाटते आणि मरते. जानेवारीत पाहुण्यांनी जी हिरवळ पाहिली ती त्या शरद ऋतूत पेरलेली होती आणि पुढच्या उन्हाळ्यापूर्वी ती नाहीशी व्हावयाची होती. हे कसे घडते हे समजण्यासाठी गवताचाच इतिहास पाहणे आवश्यक आहे.

३

अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील मैदानांवर जे गवत लावतात त्यास तेथे ‘बर्म्युडा’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. हीच आपली हरळी, आणि हीच गणेशपूजेतील दूर्वा. दख्खनच्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी ही शेतकऱ्याची जुनी डोकेदुखी. तिची एक कांडी मातीत राहिली तरी पुढच्या पावसात ती पुन्हा पसरते, म्हणून खोल नांगरट करून तिच्या मुळ्या वेचाव्या लागतात. जी चिवटपणामुळे शेतात शत्रू ठरली, ती त्याच चिवटपणामुळे मैदानावर मित्र ठरली. तुडविली जाणे, कापली जाणे आणि तापणे ह्या तिन्ही गोष्टी सहन करणारी गवते थोडीच आहेत; हरळी त्यांपैकी एक होय.

रानटी हरळी मात्र ग्रीनसाठी भरड पडते. गोल्फच्या हिरवळीचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत १९२० मध्ये तेथील गोल्फ-संघटनेने स्थापन केलेल्या ‘ग्रीन सेक्शन’ ह्या विभागापासून पद्धतशीर सुरू झाला. पायपर आणि ओकली हे शेतीखात्यातील दोन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले मार्गदर्शक होत. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या विभागाच्या साहाय्याने जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथील प्रयोगकेंद्रात ग्लेन बर्टन ह्यांनी हरळीच्या सुधारित जाती तयार करण्याचे काम हाती घेतले. साधी हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतील बारीक पानांची तिची एक भगिनी-जाती ह्यांच्या संकरातून त्यांनी काढलेली ‘टिफग्रीन’ ही जात १९५६ मध्ये प्रसृत झाली. मऊ, दाट आणि आखूड कापता येणारी ही जात उष्ण प्रदेशातील ग्रीनना वरदानासारखी वाटली. सन सिटी वसण्याच्या अवघी चार वर्षे आधी ही घटना घडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वाळवंटात सर्वसामान्य उत्पन्नाच्या माणसाला चांगले गोल्फ-मैदान देण्याची योजना ह्याच सुमारास व्यवहार्य ठरावी, ह्यात ह्या संशोधनाचाही वाटा होता.

बर्टन ह्यांचे नाव भारतीय शेतीच्या इतिहासातही येते. गवताबरोबरच ते बाजरीवर काम करीत, आणि त्यांनी तयार केलेला ‘टिफ्ट २३ अ’ हा नरवंध्य वाण वापरून लुधियाना येथे अठवाल ह्यांनी ‘एचबी-१’ ही पहिली संकरित बाजरी १९६५ मध्ये सिद्ध केली. महाराष्ट्रासह कोरडवाहू मुलखात संकरित बाजरीचा प्रसार ह्यानंतर सुरू झाला. परंतु एकाच मातृवाणावर आधारलेल्या पिकाचा धोकाही लवकरच दिसला. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केवडा रोगाने ह्या बाजरीचे फार मोठे नुकसान केले.

एकरूपतेचा हा धोका ग्रीनवर वेगळ्या स्वरूपात प्रकट झाला. टिफग्रीन ही वंध्य जात आहे; तिला बी धरत नाही. तिच्या कांड्या तोडून लावाव्या लागतात, आणि म्हणून जगातील सर्व टिफग्रीन तत्त्वतः एकच रोप आहे. त्या रोपात कोठे उत्परिवर्तन झाले, तर बदललेली कांडी आपला स्वतंत्र ठिपका करून पसरू लागते. काही वर्षांत ग्रीनवर फिकट आणि गडद, भरड आणि बारीक अशा गवतांची ठिगळे दिसू लागतात आणि चेंडू एका ठिगळावरून दुसऱ्यावर जाताना वेग बदलतो. ह्याच प्रक्रियेतून लाभही झाला. दक्षिणेकडील जुन्या ग्रीनवर आढळलेल्या अशा ठिपक्यांतूनच ‘टिफड्वार्फ’ ही अधिक ठेंगणी जात निवडली गेली आणि ती १९६५ मध्ये प्रसृत झाली. परंतु जेथे निवड करणारा शास्त्रज्ञ नव्हता तेथे ती ठिगळे केवळ ठिगळेच राहिली. अशा वेळी माळ्याला दोष देणे सोपे होते. वास्तविक बिघाड रोपाच्या स्वभावातच होता.

४

हरळीच्या स्वभावात आणखी एक अडचण आहे, आणि निवृत्तांच्या वसाहतीत तीच सर्वांत जाचक ठरली. हे उन्हाळी गवत आहे. सत्तावीस ते अडतीस अंश तापमानात ते जोमाने वाढते. थंडी पडू लागली की त्याची वाढ थांबते आणि हिमकण पडताच ते पिवळट-तपकिरी होऊन सुप्तावस्थेत जाते. ॲरिझोनाच्या वाळवंटात ही अवस्था हिवाळ्यात येते. परंतु वृद्ध माणसे ॲरिझोनात येतात ती हिवाळ्यासाठीच. उत्तरेकडील बर्फाळ राज्यांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊन एप्रिलअखेर परतणाऱ्यांची संख्या तेथे मोठी असते. म्हणजे माणसांचा हंगाम आणि गवताचा हंगाम परस्परविरुद्ध आहेत. मैदान जेव्हा उत्तम असते तेव्हा खेळणारे कमी असतात, आणि खेळणारे पुष्कळ असतात तेव्हा मूळ गवत निद्रिस्त असते.

ह्यावर काढलेला उपाय म्हणजे शरद ऋतूतील दुसरी पेरणी. ऑक्टोबरच्या सुमारास हरळी अगदी खाली खरडून तिच्यावर राय किंवा तत्सम थंड हवेच्या गवताचे बी दाट फेकतात, दिवसातून अनेक वेळा पाणी देतात आणि सुमारे दोन आठवडे मैदान बंद ठेवतात. नाताळपर्यंत सर्वत्र गर्द हिरवा रंग येतो. पाहुण्याला जी हिरवळ दिसते ती ही. खरी अडचण वसंतात येते. एप्रिल-मेमध्ये हरळी जागी होऊ पाहते, त्या वेळी तिच्यावर रायची दाट सावली असते आणि पाणी व खत दोन्ही गवतांत वाटले जाते. जूनच्या उष्म्यात राय एकाएकी करपते, आणि खालची हरळी दुबळी राहिली असेल तर तेथे उघडी माती दिसू लागते. मैदानाच्या व्यवहारात ह्या काळास ‘संक्रमण’ म्हणतात, आणि उन्हाळाभर तेथेच राहणाऱ्या रहिवाशांची तक्रार मुख्यतः ह्या संक्रमणाविषयी असते.

सुधारणेनेच प्रश्न बिकट व्हावा असेही ह्या बाबतीत घडले. १९६७ मध्ये रटगर्स येथील रीड फंक ह्यांची ‘मॅनहॅटन’ ही बारीक पानांची बहुवर्षायू राय बाहेर आली. पूर्वीच्या भरड वार्षिक रायपेक्षा ती दिसण्यास सुंदर आणि उष्णतेस अधिक टिकाऊ होती. त्यानंतरच्या जाती आणखी टिकाऊ निघाल्या. परंतु राय जितकी टिकाऊ तितकी ती वसंतात जागा सोडण्यास नाखूष. आणि ती जितकी उशिरा जागा सोडते तितका हरळीला सावरण्यास कमी काळ मिळतो. हिवाळ्यात येणाऱ्यांना अधिक चांगली हिरवळ मिळाली. तिची किंमत उन्हाळ्यात राहणाऱ्यांनी दिली. एकाच वसाहतीतील दोन गटांचे हितसंबंध एका गवताच्या टिकाऊपणावरून असे वेगळे झाले.

५

गवताखालची माती हा दुसरा घटक होय. जुन्या पद्धतीत ग्रीन म्हणजे जागच्याच मातीचा उंचवटा. त्यावर गवत लावले की काम झाले. रोजची कापणी, यंत्रांचे वजन आणि हजारो पावले ह्यांनी ही माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत हवा व पाणी शिरत नाही आणि मुळे वरच्यावर राहतात. निवृत्तांच्या वसाहतीत हा दाब अधिक, कारण तेथे खेळणाऱ्यांना रविवारची वाट पाहावी लागत नाही. कामाचा दिवस आणि सुटीचा दिवस असा भेद नसल्यामुळे मैदानालाही विश्रांतीचा दिवस मिळत नाही.

ह्या दाबावर दोन उपाय निघाले. पहिला यांत्रिक होता. टॉम मॅस्कारो ह्यांनी १९४६ मध्ये पोकळ दातांनी जमिनीतून मातीच्या कांड्या उपसणारे यंत्र आणले; त्या भोकांत वाळू भरली की मुळांना हवा मिळते. दुसरा उपाय रचनेचा होता. मार्व्हिन फर्ग्युसन प्रभृतींच्या अभ्यासावरून गोल्फ-संघटनेच्या ग्रीन सेक्शनने १९६० मध्ये ग्रीन बांधण्याची एक प्रमाणपद्धती प्रसिद्ध केली. तीत तळाशी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यांवर खडीचा थर आणि त्यावर सुमारे तीस सेंटिमीटर जाडीचे वाळूप्रधान मिश्रण असते. ही पद्धती चांगली असली तरी खर्चाची होती, आणि सन सिटी उघडली त्याच वर्षी ती प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करून बांधलेल्या असंख्य मैदानांना आपल्या मातीचे ऋण पुढील दशकांत फेडावे लागले.

भोके पाडण्याचा उपाय औषधासारखा आहे. तो करताना त्रास होतो आणि न केल्यास अधिक त्रास होतो. भोके पाडल्यानंतर दोन-तीन आठवडे ग्रीन खडबडीत राहते. खेळाडूला त्या काळात जे दिसते ते नुकसान असते. त्याचा लाभ काही महिन्यांनी दिसतो. उपचारालाच आजार समजून त्याविरुद्ध ओरड होते आणि व्यवस्थापक ओरडीला भिऊन उपचार लांबणीवर टाकतो, असा अनुभव अनेक ठिकाणी आलेला आहे.

त्यातच ग्रीनकडून असलेली अपेक्षाही स्थिर राहिली नाही. एडवर्ड स्टिम्पसन ह्यांनी १९३५ मध्ये चेंडूचा वेग मोजण्याचे एक साधे साधन केले होते. गोल्फ-संघटनेने ते सुधारून १९७८ मध्ये मैदानांच्या व्यवस्थापकांना उपलब्ध करून दिले. तत्पूर्वी केलेल्या पाहणीत अमेरिकेतील ग्रीनवर चेंडू सरासरी साडेसहा फूट जात असल्याचे आढळले होते. साधनाचा हेतू एका मैदानावरील अठराही ग्रीन सारखी राहावीत हा होता. परंतु आकडा हाती आल्यावर मैदानांमध्ये स्पर्धा सुरू झाली आणि नऊ-दहा फुटांचा वेग सामान्य मानला जाऊ लागला. वेग वाढविण्याचा सोपा मार्ग म्हणजे गवत अधिक आखूड कापणे. पूर्वी सहा मिलिमीटर उंचीवर कापले जाणारे गवत तीन मिलिमीटरांवर आले. टिफग्रीनची घडण ह्या उंचीसाठी नव्हतीच. म्हणजे १९६० मध्ये जे ग्रीन चांगले समजले गेले असते, तेच जसेच्या तसे १९९० मध्ये वाईट ठरले असते. १९९० नंतरच्या दशकात अतिठेंगण्या जाती आल्या आणि त्यांनी हा आखूडपणा सोसला. पण त्यांना वाळूची भर, उभी छाटणी आणि देखरेख अधिक लागते. दर्जा वाढला तो मेहनत वाढवूनच.

६

हे सर्व पाण्यावर अवलंबून होते. दोन ऋतूंत दोन गवते वाढविणाऱ्या वाळवंटी मैदानाला वर्षाकाठी सुमारे दीड मीटर उंचीचे पाणी द्यावे लागते; आकाशातून पडणारे पाणी त्याच्या सातव्या हिश्शाइतकेही नसते. उरलेले पाणी प्रारंभी जमिनीखालूनच आले. फीनिक्सच्या पश्चिम भागात उपशाचे परिणाम तोवर दिसू लागले होते. मुख्यतः कापसाच्या शेतीसाठी दशकानुदशके झालेल्या उपशामुळे ल्यूक विमानतळाच्या परिसरात भूपृष्ठ १९९२ पर्यंत अठरा फुटांपर्यंत खचले. त्याच वर्षी सप्टेंबरात पडलेल्या पावसाचे पाणी तेथील नाल्यातून उलट दिशेने वाहिले आणि विमानतळावर पूर आला. हा विमानतळ सन सिटीपासून दूर नाही. ह्या खचण्याचे मूळ गोल्फमध्ये नव्हते, परंतु गोल्फची मैदाने त्याच साठ्यावर येऊन बसली होती.

१९८० मध्ये ॲरिझोनाने भूजल-व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यान्वये फीनिक्स-प्रदेश नियंत्रित क्षेत्र ठरला, उपसा आणि पुनर्भरण ह्यांचा समतोल २०२५ पर्यंत साधण्याचे ध्येय ठेवण्यात आले, आणि दहा एकर वा अधिक हिरवळ राखणाऱ्यांच्या पाणीवापरावर मर्यादा आली. कोलोरॅडो नदीचे पाणी आणणारा कालवा १९८५ मध्ये फीनिक्सपर्यंत पोहोचला. त्यामुळे भार हलका झाला, परंतु त्या नदीवरही तुटवडा आला आणि २०२१ मध्ये तिच्या पाण्याची पहिली अधिकृत कपात जाहीर झाली.

पाण्याच्या मर्यादेबरोबर क्षाराचा प्रश्न येतो. ह्या प्रदेशातील पाणी खारवट आहे. ते बाष्परूपाने उडते आणि क्षार मातीत राहतो. तो धुऊन काढण्यासाठी अधिक पाणी आणि चांगला निचरा लागतो. दाबलेल्या मातीच्या जुन्या ग्रीनमध्ये निचरा नसतो आणि काटकसरीच्या काळात अधिक पाणी नसते. हरळी क्षार पुष्कळ सोसते. हिवाळी गवते तितकी सोसत नाहीत. पाण्याची बचत हा सार्वजनिक गुण आणि ग्रीनची प्रकृती ही खाजगी इच्छा ह्यांत येथे उघड विरोध आहे, आणि तो कोणत्याही व्यवस्थापकाच्या कौशल्याने पूर्णपणे मिटण्यासारखा नाही.

७

सन सिटी हे कायद्याने शहर नाही. तेथे नगरपालिका नाही. वसाहत मॅरिकोपा परगण्याच्या कारभाराखाली राहिली. वेबच्या उद्योगाने १९७८ च्या सुमारास बांधकाम पूर्ण करून लक्ष शेजारच्या सन सिटी वेस्टकडे वळविले, आणि मैदानांची जबाबदारी रहिवाशांच्या करमणूक-केंद्र संस्थेकडे आली. २०२० च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या ह्या वसाहतीत ह्या संस्थेकडे गोल्फची आठ मैदाने आहेत. प्रत्येक घरमालकावर वार्षिक आकार असतो; विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात घर विकत घेणाऱ्या नव्या माणसाने एकदाच द्यावयाच्या जतन-सुधारणा शुल्काची भर पडली.

ह्या शुल्काचा अर्थ पाहण्यासारखा आहे. सर्वसाधारण नमुन्यानुसार ग्रीनचे आयुष्य पंधरा ते तीस वर्षे धरतात. त्यानंतर ते मुळापासून पुन्हा बांधावे लागते आणि मैदान काही महिने बंद राहते. ज्या वसाहतीतील माणसांचे मध्यम वय सत्तरीच्या पुढे आहे, तेथे हा निर्णय घेणारी पिढी नव्या ग्रीनचे निम्मे आयुष्यही पाहील की नाही ह्याची शाश्वती नसते. पंचेचाळीस वर्षांच्या खेळाडूला एक बंद हंगाम ही गैरसोय वाटते. ऐंशी वर्षांच्या खेळाडूला तो कदाचित अखेरचा हंगाम असतो. आपण उपभोगणार नाही त्यासाठी आज खर्च का करावा, हा त्याचा प्रश्न अनुदार वाटला तरी असमंजस नाही. त्याचप्रमाणे गोल्फ न खेळणाऱ्याने मैदानाचा भार किती उचलावा, हाही प्रश्न उठतोच. नव्याने येणाऱ्यावर नूतनीकरणाचा भार टाकणारे शुल्क हे ह्या पेचावरील एक उत्तर होते. ज्याला फळ मिळावयाचे त्याने झाड लावण्याचा खर्च द्यावा, असे त्यामागील तत्त्व दिसते.

हाच पेच वेगळ्या हवामानातही आढळतो. फ्लॉरिडातील ‘द व्हिलेजेस’ ह्या १९८० नंतर वाढलेल्या विस्तीर्ण वसाहतीत पावसाची वाण नाही आणि जमीन वाळूची आहे. तेथे हरळीच्या मुळांना सूत्रकृमी पोखरतात, आणि त्यांवरील फेनामिफॉस हे प्रभावी औषध विषारी म्हणून २००७ पासून बंद झाले. नऊ भोकांच्या लहान मैदानांवर रहिवाशांना निराळी फी न देता खेळता येते. त्यासाठी मासिक सुविधा-आकार असतो. मैदाने व इतर सुविधा विशेष जिल्ह्यांच्या मालकीकडे गेल्यावर त्यांच्या देखभालीस पुरेसा निधी आहे की नाही ह्यावर वाद झाला. २००८ मध्ये तडजोड होऊन सुविधांच्या कारभारासाठी रहिवाशांची समिती अस्तित्वात आली. कारणे वेगळी, गवताचा रोग वेगळा; पण विकताना न विचारलेला प्रश्न तोच होता.

ह्या इतिहासात एक घटक बहुधा दिसत नाही. अशा वसाहतींत प्रत्येक घरात पंचावन्न वर्षांवरील किमान एक व्यक्ती असावी लागते आणि मुलांना कायम राहता येत नाही. त्यामुळे पहाटे ग्रीन कापणारा, भोके पाडणारा, पाण्याच्या तोट्या तपासणारा तरुण कामकरी आपले कुटुंब घेऊन तेथे राहू शकत नाही. मैदानाची प्रकृती ज्याला सर्वांत अधिक कळते तो सायंकाळी दुसऱ्या गावी परततो, आणि ज्या सभेत मैदानाविषयी निर्णय होतो तेथे त्याला मत नसते.

८

सन सिटीच्या ग्रीनचा इतिहास हा अपयशाचा इतिहास आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोनशे मिलिमीटर पावसाच्या भूमीत साठ वर्षांहून अधिक काळ हिरवळ टिकविणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि हजारो वृद्धांना तिने खुल्या हवेत चालण्याचे व सोबतीचे दिवस दिले. परंतु त्या हिरवळीत जेथे जेथे डाग पडला तेथे माळ्याच्या हातापेक्षा जुन्या निर्णयांचाच अधिक संबंध आढळतो. दोन ऋतूंसाठी दोन गवते मागणे, दाबल्या जाणाऱ्या मातीवर रोज खेळणे, वाढत्या वेगाची अपेक्षा धरणे, मर्यादित साठ्यातून पाणी काढणे आणि हे सर्व एकदाच दिलेल्या किमतीत आले आहे असे समजणे, ह्या पाच गोष्टींतून तो डाग तयार झाला.

महाराष्ट्रातही विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शहरांच्या बाहेर गोल्फ-मैदानाभोवती बांधलेल्या वसाहती दिसू लागल्या आहेत. तेथे पावसाळा आहे, आणि हरळी तर ह्या मातीचीच आहे. म्हणून ॲरिझोनाचा अनुभव जसाच्या तसा लागू पडणार नाही. परंतु मार्चपासून जूनपर्यंतचे कोरडे महिने येथेही आहेत आणि त्या महिन्यांत पाण्याचे दावेदारही पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी हिरवळ पाहून घर घेणाऱ्याने तिचा रंग पाहण्यापूर्वी तिच्या पाण्याचा, तिच्या मातीचा आणि वीस वर्षांनी तिचा खर्च कोण करणार ह्याचा हिशेब मागावा, एवढे ह्या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.